शंकरपाळ्यांच्या किल्ल्यास गनीम लागला त्याची हकीगत

श्री लंबोदर प्रसन्न. तयाचे वाहन मात्र त्या साली अप्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले आणि जैसे ऐकिले तैसे लिहितो. लिहिणारा कोण, म्हणोन वाचणाराने पुसू नये. नातलगांत राहणे आहे, लग्नामुंजीस जाणे आहे, पंगतीस बसणे आहे. नांव घातले तर वाढणारी बाई तूप वाढताना हात आखडील. सबब नांव नाही. राज्याचेही नांव नाही. राज्य तीन खोल्यांचे, पुढे सदर, मधे निजावयाची खोली, मागे मुदपाकखाना, आणि मुदपाकखान्यास लागोन मोरी. मोरीची जाळी एके कोपऱ्यांत तुटली होती, ती उद्या बसवितो, परवा बसवितो, म्हणोन राज्याच्या धन्यांनी पाच दिवाळ्या काढिल्या. पुढील सर्व अनर्थ त्या जाळीतून आला, हे आधीच सांगोन ठेवितो. उगाच उत्कंठा लावणे आमचे स्वभावांत नाही.

राज्याचे धनी राजश्री भालचंद्रराव, पाणीपुरवठ्याचे कचेरीत हेडक्लार्क, निस्सीम गणेशभक्त, हुकूम करण्यांत चतुर आणि हुकूम मानण्यांत त्याहून चतुर, कारण घरांत हुकूम दोन बायकांचा. एक त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई, नोकरी सांभाळोन मुदपाकखान्याच्या अधिपती. दुसऱ्या त्यांच्या वडील भगिनी सुमतीबाई, जयांस सर्व अक्का म्हणत. अक्कांनी लग्न केले नाही. मुलींचे शाळेत एकतीस वर्षे शिवणकाम शिकविले, आणि भावाची एकुलती कन्या केतकी, तीस लहानाची मोठी केली. आई कामावर जात असे, सबब वेणी अक्कांनी घातली, गोवर अक्कांनी काढला, पाढे अक्कांनी घोटून घेतले, आणि पोर रुसली तर प्रथम अक्कांचाच पदर धरीत असे. त्या साली केतकीचे लग्न ठरले. वर परमुलखीचा, गाडीने तीन तासांची मजल, घराणे चांगले, माणसे अबोल. मग अक्कांनी जाहीर केले की रुखवतास किल्ला मी करीन. रुखवत म्हणजे नवरीकडील बायकांचे हातचा फराळ नि कलाकुसर, कार्यालयांत मांडावयाची, वरपक्षाने पाहावयाची, आणि मागाहोन नवरीसवे सासरी न्यावयाची. तेथे दुसरे दिवशी विहीणबाई चार बायका बोलावून ते फोडितात आणि वाटितात, आणि मग नवरीकडील हाताची पारख होते. अक्कांनी आजवर कोणाकोणाच्या लेकींस रुखवते करोन दिली त्याची गणती नाही, परंतु आपले लेकीचे म्हणावे ऐसे हे एकच. आणखी एक गोष्ट, जी घरांत कोणी बोलत नसे. अक्कांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापू लागला होता. आधी सुईंत दोरा ओवणे गेले, मग रांगोळी गेली. हा किल्ला झाला की पुढे या हातून काही होणे नाही, हे अक्का जाणत होत्या आणि केतकीही जाणत होती. कन्यादान आईबापांनी करावयाचे, मंगळसूत्र वराने बांधावयाचे. अक्कांचे म्हणोन लेकीसवे जावयाचे ते इतकेच.

मग बांधकाम जाहले. पायास टीव्हीचे खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, आणि त्यावर शंकरपाळ्यांचा तट उभा केला, एकेक शंकरपाळी साखरेच्या पक्क्या पाकांत बुडवून, डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरोन बसविली. चार बुरूज अनारशांच्या चळतींचे केले, आणि तटांस भोके ठेवोन त्यांतून लवंगांच्या तोफा रोखिल्या, आणि आंत खजिना म्हणोन रव्याचे एकवीस लाडू भरिले, आणि वर चिरोट्यांचे छत घातले. नऊ दिवस लागले. किल्ला मधल्या खोलींत ट्रंकेवर, भिंतीशी ठेविला आणि वरून धुतलेले मलमलीचे धोतर आच्छादिले. केतकी रोज कामावरून आली की धोतर उचलून पाही आणि म्हणे, “आत्या, हा मी कुणाला फोडू देणार नाही हं!” आणि अक्का म्हणत, “फोडायलाच करतात गं बाई. तोंडात टाकल्यावर लोक काय म्हणतात ते महत्त्वाचं.”

ऐसे सर्व यथास्थित असता माघ शुद्ध चतुर्थी आली. गणेशजन्माचा दिवस, सकाळचे नऊ, राजश्री देवापुढे अथर्वशीर्षाची आवर्तने करीत असता गनीम मोरीवाटे राज्यांत उतरला, आणि गव्हाचे पिंपाचे बगलेने सदरेस आला, आणि देवापुढील मोदकाकडे टक लावून बसला. अंगाने मध्यम, रंगाने राखी, मिशा लांब, मुद्रा निर्भय. कुमुदिनीबाईंनी पाहोन ऐसी किंकाळी फोडिली की ही कुकरची शिट्टी की किंकाळी, याचा शेजारचे राज्यांतील लोकांस उलगडा होईना. आणि बाईंनी केरसुणी उगारिली. तो राजश्री आवर्तन अर्धवट टाकोन आडवे आले. “थांब! हात लावशील तर खबरदार! आज, आजच्या दिवशी, स्वतःच्या पायानं आलाय तो. कुणाचं वाहन आहे, कळतंय का?” बाई म्हणाल्या, “वाहन आहे ना? मग बाहेर लावा! घरात कशाला?” इतक्यांत गनिमाने मोदक नेला.

मग जेवणानंतर सदरेवर खलबत बसले. कुमुदिनीबाईंचे म्हणणे, औषधाच्या वड्या आणाव्या आणि एका दिवसांत निकाल लावावा. राजश्रींचे म्हणणे, कन्येचे लग्न सोळा दिवसांवर, अशा वेळी गणपतीच्या वाहनाचे रक्त राज्यास लावून घेणार नाही. आणि त्यांनी अन्नत्याग जाहीर केला. तो दुपारचे चहापर्यंत टिकला, कारण चहासंगे शंकरपाळ्या होत्या, किल्ल्यांतून उरलेल्या. परंतु बाईंनीच मग माघार घेतली, लग्नघरांत वाद नको म्हणोन. शेजारचे मांजर उसने आणिले. ते वाटीभर दूध प्याले, राजश्रींचे मांडीवर निजले आणि संध्याकाळी आपले मुलखांत निघोन गेले. मग पिंजरा आणिला आणि त्यांत तूप माखलेला भाकरीचा तुकडा टांगिला, आणि दुसरे दिवशी सकाळीच गनीम कैद जाहला. केवढा जयजयकार! परंतु राजश्री म्हणाले, देवाचे वाहन, रिते पाठवू नये. मग त्यास गूळखोबरे दिले, आणि कापसाचे वातीने गजांतून हात घालोन त्याचे कपाळी कुंकू लाविले, आणि पिंजरा स्कूटरचे पुढे ठेवोन राजश्रींची स्वारी ओढ्यापलीकडे गेली आणि हात जोडोन त्यास सोडोन आली.

तिसरे दिवशी कुंकू लावलेला गनीम मुदपाकखान्यांत हजर. मग पुन्हा पिंजरा, पुन्हा गूळखोबरे, पुन्हा कुंकू, पुन्हा ओढा. चौथे दिवशी पुन्हा हजर, आणि कपाळी आता दोन टिळे. तिसऱ्यांदा राजश्री कुंकवाची डबी शोधू लागले तेव्हा कुमुदिनीबाईंचा तोल सुटला. “अहो, हा काय माहेरवाशीण आहे का, कुंकू लावून पाठवायला आणि चार दिवसांत परत यायला? पोरगी उद्या सासरी जायची, तिला पुन्हा यायला मिळेल की नाही त्याचा पत्ता नाही, आणि ह्याला मात्र स्कूटरवरून फिरवताय!” राजश्रींनी तरीही डबी शोधोन तिसरे कुंकू लाविलेच. केतकी तिथेच मटार सोलत होती, तिचा सोलता हात थांबला. लिहिणाराने ते पाहिले. ते वाक्य त्या घरांत तोवर कोणी उच्चारिले नव्हते.

आता अक्कांची मसलत ऐकावी. ऐसी मसलत आजवर कोणत्याही राज्यांत कोणी केली नसेल आणि पुढे कोणी करू नये. अक्कांनी विचार केला की भालूचे हातून हा शत्रू मरत नाही, आणि हटतही नाही. त्याचा डोळा खाण्यावर आहे आणि माझा किल्ला तर सगळाच खाण्याचा. तेव्हा लढण्यापेक्षा तह करावा. मग दुपारी दोनचे सुमारास, भाऊ भावजय केतकी तिघेही कचेरीत, अक्का पाट घेऊन मोरीसमोर बसल्या. तिसऱ्यांदा ओढ्यापलीकडून परतलेला गनीम जाळीतून डोके काढोन पाहात होता. अक्कांनी एका लाडवाचे चार भाग केले आणि एक भाग पुढे ठेविला. म्हणाल्या, “हे बघ बाबा, तुला रोज इथे मिळेल, ह्याच वेळेला. पोटभर खा. पण ट्रंकेकडे फिरकायचं नाही. माझ्या पोरीचं लग्न आहे. कळलं?” गनिमाने मिशा हालविल्या. अक्कांनी ती मान्यता समजोन घेतली. एकतीस वर्षे मुलींस शिकविलेली बाई, तिने मुलीचे नुसते डोळे पाहोन खोटे ओळखावे, आणि इथे मिशांवर विश्वासिली! माया जडली की शहाण्या माणसाची बुद्धी ऐसी गहाण पडते. चौथाई सुरू जाहली. रोज दोनचे ठोक्यास लाडवाचा चौथा भाग मोरीशी पोहोचू लागला, आणि गनीम तो खाऊन, बाकीचे तीन भाग कोठे आहेत, याचा शोध करू लागला.

शोध लागला. ट्रंकेचे मागील अंगास, भिंतीकडील कोपऱ्यांत, जेथे कोणाची नजर जात नाही, तेथे त्याने पुठ्ठ्यास सुरुंग लाविला आणि किल्ल्यांत शिरला, आणि तेथेच ठाणे केले. खाली पिंजरा मोकळा राहू लागला, मुदपाकखान्यांत लेंडी दिसेना, पिंप निर्धास्त जाहले. राजश्री म्हणाले, “बघ, तिसऱ्या कुंकवाला समजला तो! देवाची माणसं शब्द पाळतात.” अक्का मनांत म्हणाल्या, माझा तह फळास आला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, मी रोज फिनेल ओतते त्याचा गुण. तिघेही आपापले पराक्रम मनाशी घोकीत राहिले आणि गनीम आंत बसोन खजिना खात राहिला. चौथाईही सोडीत नसे. दोन वाजले की मोरीशी येई.

माघ वद्य पंचमीस लग्न. त्या सकाळी टेम्पो दाराशी आला, सामान निघाले, आणि अक्का म्हणाल्या, किल्ल्यास कोणी हात लावू नका, मी उचलते. धोतर काढिले. तट जागचे जागी, बुरूज जागचे जागी, तोफा रोखलेल्या. मग दोन्ही हात खाली घालोन उचलू गेल्या आणि किल्ला एकदम वर आला, रिकामी टोपली यावी तैसा. अक्कांनी तो ट्रंकेवर टेकविला. किल्ला वळवून पाहिला. मागे भोक, अंगठ्याएवढे, आणि भोवती रव्याचा भुगा. बाहेरून हाका चालल्या होत्या, “वन्सं, झालं का? मुहूर्त टळेल!” सांगावे तर लग्नाचे दिवशी पोरीचे तोंड उतरेल. टाकोन द्यावा तर केतकी विचारील. मग त्या बाईने जन्मांत केली नव्हती ती लबाडी केली. मुदपाकखान्यांतून कणीक आणि साखरेचा लगदा आणिला, आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरोन ते भोक लिंपोन टाकिले, वर एक शंकरपाळी चिकटविली, आणि किल्ला टेम्पोंत चढविला. गनीम त्या वेळी आंतच होता, पोटभर खाऊन छताखाली निजला होता. अक्कांस हे ठाऊक नव्हते. लिहिणारास मागाहून कळले. तोफांचे भोकांतून त्यास वारा मिळत होता, ही गोष्ट त्याचे आयुष्याची बळकट दोरी म्हणावी.

कार्यालयांत रुखवत मांडिले आणि किल्ल्याभोवती गर्दी लोटली. बायका फोटो काढीत, लवंगा मोजीत, आणि आंतून कधी खसखस होई ती सनईंत बुडोन जाई. वराच्या मातोश्री सरोजिनीबाई, अंगाने सडपातळ, बोलणे मोजके, चष्म्यावरून पाहण्याची रीत, त्या किल्ल्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि इतकेच म्हणाल्या, “उद्या बायका बोलावल्यात. तेव्हा फोडू.” अक्षता पडल्या, जेवणे उठली, आणि अक्का दोनदा विहीणबाईंचे जवळ जाऊन परत फिरल्या. काय सांगावे? की आंत काही नाही, मी ठाऊक असोन लिंपोन दिला? पाठवणीचे वेळी केतकी गळां पडोन रडली, आईबाप रडले, मांडवांतील परकी माणसेही रडली. अक्का तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी टेम्पोकडे पाहात होत्या, जयांत किल्ला चढविला जात होता. लोक म्हणाले, बाई कठोर आहे. लोकांस काय ठाऊक!

दुसरे दिवशी अक्कांनी अन्न घेतले नाही. राजश्रींनी विचारिले, “अक्का, बरं वाटत नाही का गं?” त्या म्हणाल्या, “दुपारी बायका बोलावल्यात त्यांनी.” राजश्रींस त्याचा अर्थ लागला नाही आणि त्यांनी पेपर उघडिला. तिसरे दिवशी मांडवपरतणे, म्हणजे नवी नवरी माहेरी येण्याचा दिवस. आणि गाडी दाराशी थांबली तेव्हा त्यांतून केतकी उतरली, जावईबापू उतरले, आणि मागाहून सरोजिनीबाई खासा उतरल्या, जयांस कोणी बोलाविले नव्हते. कुमुदिनीबाईंची पाचावर धारण बसली. विहीणबाईंनी पाणी घेतले नाही, खुर्ची घेतली नाही, उभ्याउभ्या विचारिले, “किल्ला कुणी केला होता?” अक्का भिंतीशी होत्या. उजवा हात पदराखाली घेतला तरी पदर हालत होता. म्हणाल्या, “मी केला. आणि भोकही मलाच ठाऊक होतं. आतलं सगळं उंदरानं नेलं. सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिंपून दिलं. पोरीला काही बोलू नका. तिला यातलं काही ठाऊक नाही.”

राजश्री भिंतीवरील गणपतीकडे पाहो लागले. मग सरोजिनीबाई खुर्चीत बसल्या, आणि चष्मा काढिला, आणि हसू लागल्या, आणि हसता हसता बोलू लागल्या. “सांगते. आम्ही पंधरा बायका गोल बसलो. मी बुरुजाला हात घातला, छत उचललं, आणि तुमचे सरदार कपाळाला कुंकू लावून बाहेर! आमचे हे, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर, टीपॉयवर चढले. नणंदबाई सोफ्यावर. माझी जाऊ दारातून थेट जिन्यात! आमच्या घरात लग्न म्हणून आठ दिवस कुणी धड बोललं नव्हतं, ही यादी, ती यादी. काल पोट धरून हसलो हो सगळे. आणि तुमची केतकी एकटी जागची हलली नाही. म्हणाली, ‘घाबरू नका, तो आमच्याकडचा आहे.’ ” राजश्री म्हणाले, “कुंकू होतं ना पण?” कुमुदिनीबाईंनी त्यांस चिमटा काढिला.

मग सरोजिनीबाई अक्कांजवळ सरकल्या. म्हणाल्या, “मी का आले ते सांगू? आत काही नाही, तीन तास टेम्पोतले खड्डे, आणि एक शंकरपाळी निखळली नाही. असा पाक मला चाळीस वर्षांत जमला नाही. माझ्या धाकटीचं लग्न वैशाखात आहे. शिकवाल मला?” अक्का म्हणाल्या, “मला आता होत नाही विहीणबाई. हात राहत नाही माझा.” आणि पदर बाजूस करोन हात पुढे धरिला, जो त्यांनी दोन वर्षे कोणापुढे धरिला नव्हता. सरोजिनीबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “हात माझे घ्या. तुम्ही नुसतं बसून सांगा.” हे झाले आणि मगच त्यांनी पाणी मागितले.

जेवणे होऊन गाडी निघावयाचे वेळी केतकी मधल्या खोलींत आली आणि अक्कांचे कानाशी लागली. “आत्या, बाबा पिंजरा पाठवतो म्हणतील, तर नको म्हण. ते लोक पण लावू म्हणत होते, मी आज उद्या करतेय. कपाटाखाली असतो. राहू दे गं थोडे दिवस. चांगली आहेत माणसं, पण सगळी नवी आहेत. आपल्याकडचं ओळखीचं एक तरी असू दे तिथे.” अक्का लग्नांत रडल्या नव्हत्या, त्या तेव्हा रडल्या.

एकूण वर्तमान ऐसे की माघमासी या राज्यांतून दोघे गेले, एक कन्या आणि एक गनीम, आणि दोघेही एके घरी नांदतात. इकडे डबे उघडे राहिले तरी कोणी शिवत नाही, देवापुढील मोदक दुसरे दिवसापर्यंत तैसाच असतो, दुपारी भांडे वाजत नाही. कुमुदिनीबाई म्हणतात, “सुटलो बाई एकदाचे!” आणि दिवसांतून चार वेळा म्हणतात. राजश्री हूं म्हणतात. घरांत लिहिण्याजोगे आता काही घडत नाही, सबब लेखणी ठेविली.